राउटरच्या चार शिंगांचं गणित: दहावीची समीकरणं आणि शाळेचं वाय-फाय



दहावीला 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे प्रकरण शिकवताना एक प्रश्न दरवर्षी येतो. "सर, याचा पुढे उपयोग काय?" आपण काय सांगतो? बाप-लेकाची वयं, नावेचा वेग, पेन-वह्यांच्या किमती. मुलं मान डोलावतात, पण त्यांना ते पटलेलं नसतं. मीही बरीच वर्षं हेच सांगत होतो. खरं उत्तर मला आमच्या शाळेच्या वाय-फायने दिलं, आणि ते मिळेपर्यंत लोकवर्गणीचे पैसे जवळजवळ पाण्यात गेले होते.

आजच्या पाठात तो अनुभव, त्यामागचं विज्ञान आणि तुमच्या शाळेत किंवा घरी वाय-फाय बसवताना करायचा आराखडा, असं तिन्ही एकत्र देतो आहे.

आमच्याकडे काय झालं

आमची शाळा कोकणातली. जांभ्याच्या जाड भिंती, एका ओळीत सात खोल्या, समोर लांब व्हरांडा. एका टोकाला ऑफिस, दुसऱ्या टोकाला दहावीचा वर्ग. ग्रामस्थ आणि माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून २० टॅब घेऊन दिले. इंटरनेट आलं. राउटर चोरीला जाऊ नये म्हणून आम्ही तो ऑफिसातल्या लोखंडी कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं! (हसू नका, अशी कपाटं मी इतर शाळांतही पाहिली आहेत.)

दहावीच्या वर्गात टॅबवर नुसतं चाक फिरत राहायचं. दुकानदार म्हणाला, "सर, तुमचा राउटर दोन अँटेनांचा आहे. चार अँटेनांचा घ्या, सगळी शाळा कव्हर होईल." घेतला. तो कपाटात मावेना म्हणून कपाटावर ठेवला. ऑफिसात वेग छान मिळाला, दहावीच्या वर्गात चाक पुन्हा फिरायला लागलं.

पुढच्या पालकसभेत एक ताई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमची दोन दिवसांची मजुरी आहे त्यात. पोरं त्यावर शिकणार कधी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गणपतीला गावी आलेला आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईत नेटवर्कचं काम करतो. त्याला शाळेत बोलावलं. राउटरकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "सर, अँटेना किती ते नंतर बघू. आधी सांगा, मुलं कुठे बसतात?"

आजच्या पाठाचं सार त्या एका प्रश्नात आहे.

लाट एकच, वाटा अनेक

वाय-फाय म्हणजे रेडिओ लहरी. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साधारण १२.५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण अर्धी वीत. ५ गिगाहर्ट्झला ती साधारण ६ सेंटीमीटर. ही लाट राउटरपासून टॅबपर्यंत फक्त सरळ येत नाही. भिंत, फळा, बाकाचे पाय, छपराचा पत्रा यांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येते. काही लाटा एकमेकींना जोर देतात, काही एकमेकींना मारतात. म्हणून फोन चार-पाच सेंटीमीटर सरकवला तरी सिग्नल बदलतो.

ज्यांच्या घरावर एकेकाळी टीव्हीचा अँटेना होता त्यांना आठवत असेल, एका माणसाच्या शेजारी त्याचीच फिकट सावली दिसायची. एक लाट थेट आली, दुसरी कशावर तरी आपटून थोडी उशिरा आली, म्हणून ती सावली. अनेक वर्षं इंजिनिअर मंडळींना ही आपटून येणारी लाट म्हणजे कटकट वाटायची.

अनेक अँटेनांच्या तंत्राने ही कटकटच कामाला लावली. या तंत्राला मल्टिपल इनपुट मल्टिपल आउटपुट, थोडक्यात मायमो म्हणतात. दोन्ही बाजूंना एकाहून अधिक अँटेना, हा त्याचा अर्थ. त्यांचे मुख्य उपयोग तीन:

१. भरवसा. एकच निरोप अनेक वाटांनी पाठवणं किंवा अनेक कानांनी ऐकणं. एका जागी सिग्नल मेला तरी दुसऱ्या अँटेनाला तो मिळतो.

२. दिशा. सगळ्या अँटेनांच्या लाटा अशा वेळेत सोडायच्या की ऐकणाऱ्यापाशी त्या एकमेकींना जोर देतील. सगळ्यांनी एकदम 'हेइशा' म्हणून दोर ओढावा तसं.

३. वेग. प्रत्येक अँटेनावरून वेगळी माहिती, एकाच वेळी, एकाच वारंवारतेवर पाठवणं. खरी जादू इथे आहे, आणि इथेच आपलं दहावीचं प्रकरण येतं.

फळ्यावर करून दाखवा

राउटरचा पहिला अँटेना 'क्ष' ही संख्या पाठवतो आणि दुसरा 'य'. दोन्ही हवेत मिसळतात. फोनलाही दोन अँटेना आहेत. दोघांनाही मिश्रणच ऐकू येतं, पण मिश्रणाचं प्रमाण वेगळं असतं, कारण दोघांपर्यंत येणाऱ्या वाटा वेगळ्या असतात. समजा फोनला हे मिळालं:

२क्ष + य = ७
क्ष + ३य = ११

मुलांना क्रेमरच्या पद्धतीने सोडवायला सांगा. निश्चयक = (२ × ३) − (१ × १) = ५. क्ष = २, य = ३. हवेत मिसळलेल्या दोन्ही संख्या फोनने वेगळ्या केल्या!

इथे हुशार मुलं विचारतील, "सर, २, १, १, ३ हे सहगुणक फोनला कसे कळले?" फार चांगला प्रश्न. राउटर संदेशाच्या सुरुवातीला ओळखीचा नमुना पाठवतो. समजा आधी क्ष = १, य = ० पाठवलं, तर फोनला २ आणि १ मिळेल. मग क्ष = ०, य = १ पाठवलं, तर १ आणि ३ मिळेल. झाले चारही सहगुणक माहीत. शिकवण्याआधी हजेरी घेण्यासारखंच हे. (प्रत्यक्षात हे सहगुणक संमिश्र संख्या असतात. वर्गात साध्या संख्या पुरतात.)

आता दुसरा प्रसंग. फोनच्या दोन्ही अँटेनांना जवळजवळ सारखंच मिश्रण मिळालं:

२क्ष + य = ७
२क्ष + १.१य = ७.३

याचंही उत्तर क्ष = २, य = ३ हेच आहे. पण निश्चयक आला फक्त ०.२. बिघडलं कुठे? हवेत थोडा गोंगाट असतोच. समजा दुसऱ्या समीकरणात ७.३ च्या जागी ७.४ ऐकू आलं. सोडवून बघा: य = ४, क्ष = १.५. चूक फक्त ०.१ ची, आणि उत्तर पार बिघडलं.

तीच ०.१ ची चूक पहिल्या जोडीत करा. ११ च्या जागी ११.१ घ्या. क्ष = १.९८, य = ३.०४ येतं. जवळजवळ बरोबर!

म्हणजे दोन समीकरणं जितकी एकमेकांपासून वेगळी, तितका मायमो भरवशाचा. ती वेगळी होतात कशामुळे? भिंतींवरून, कपाटांवरून, बाकांवरून आपटून आलेल्या लाटांमुळे. उघड्या माळावर राउटर आणि फोन समोरासमोर लांब ठेवले तर वाटा जवळजवळ सारख्याच होतात आणि निश्चयक शून्याकडे जातो. अशा ठिकाणी अँटेना एकमेकांना काटकोनात तिरके ठेवतात. एकाची लाट एका दिशेने थरथरते, दुसऱ्याची तिच्याशी काटकोनात, आणि समीकरणं पुन्हा वेगळी होतात.

आणि तिसरा प्रसंग. राउटरला चार अँटेना आहेत, पण टॅबला एकच. टॅबकडे समीकरण एक आणि अज्ञात चार! दहावीचा कोणताही मुलगा सांगेल, सुटणार नाही. एका वेळी किती वेगळे प्रवाह पाठवता येतील हे दोन्ही बाजूंपैकी ज्याचे अँटेना कमी, त्याच्यावर ठरतं.

आमच्या माजी विद्यार्थ्याने ऑफिसातच हे दाखवलं. टॅबच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड ७२ एमबीपीएस दिसत होता आणि त्याच जागी माझ्या फोनवर १४४. टॅब एका अँटेनाचा, फोन दोन अँटेनांचा. राउटरला चार असून टॅबचा वेग चौपट झाला नव्हता. तरी चार अँटेना अगदीच वाया जात नाहीत. टॅबचा बारीक आवाज राउटर चार कानांनी ऐकतो, आणि काही नवे राउटर एकाच वेळी वेगवेगळ्या उपकरणांशी बोलू शकतात. मात्र त्यासाठी उपकरणातही ती सोय असावी लागते.

या गणिताचं पुण्याशी नातं

मुलांना हे जरूर सांगा. थॉमस कैलथ यांचा जन्म १९३५ साली पुण्यात झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५६ साली पदवी घेऊन ते अमेरिकेला गेले आणि पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. आरोग्यस्वामी पॉलराज तमिळनाडूतल्या पोल्लाचीचे. पंधराव्या वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात आले, आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले. नौदलासाठी त्यांनी सोनार यंत्रणा विकसित केली. पाण्यातले अनेक आवाज अनेक कानांनी ऐकून वेगळे करणं, हेच ते काम.

पुढे दोघे स्टॅनफर्डमध्ये एकत्र आले. अनेक अँटेनांनी एकाच वारंवारतेवर वेगवेगळी माहिती पाठवण्याच्या कल्पनेच्या पेटंटसाठी त्यांनी १९९२ साली अर्ज केला आणि १९९४ साली ते मिळालं. २००९ मध्ये मंजूर झालेल्या वाय-फायच्या ८०२.११ एन या मानकात हे तंत्र आलं. पॉलराज यांना २०१४ चं मार्कोनी पारितोषिक मिळालं. पुण्यात शिकलेला एक मुलगा आणि खडकवासला-लोणावळ्यात घडलेला दुसरा, यांच्या कामाचा अंश आज आपल्या हातातल्या फोनमध्ये आहे. "उपयोग काय?" या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर कोणतं द्यायचं?

आराखडा कसा करावा

आता मुख्य काम. आम्ही ज्या क्रमाने केलं तोच क्रम सांगतो.

पहिली पायरी: माणसं मोजा. एका वेळी जास्तीत जास्त किती टॅब, कुठे आणि कशासाठी? आमचे २० टॅब एकाच वर्गात असतात. प्रत्येकावर साध्या दर्जाचा व्हिडिओ चालवायला २ एमबीपीएस धरले तर ४० एमबीपीएस लागतात. आमचं कनेक्शन ५० चं, म्हणजे जेमतेम पुरेसं. बाहेरून येणारं इंटरनेटच १० चं असेल तर आठ अँटेनांचा राउटर आणूनही उपयोग नाही. विहिरीत पाणी नसेल तर पंप मोठा घेऊन काय होणार?

दुसरी पायरी: नकाशा काढा. चौकटीच्या वहीवर शाळा काढा. जाड भिंती, लोखंडी कपाटं, पत्र्याची पार्टिशनं, पाण्याची टाकी दाखवा. विटेच्या पातळ भिंतीतून सिग्नल बराच जातो, जाड दगडी भिंतीतून फारच कमी, आणि धातूच्या पत्र्यातून जवळजवळ नाहीच. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त मिळतो, पण भिंत ओलांडताना तो २.४ पेक्षा लवकर दमतो. जाड भिंतींच्या शाळेत ५ गिगाहर्ट्झ त्या खोलीपुरतंच धरावं.

तिसरी पायरी: चालत मोजा. फोनवर सिग्नल मोजणारं मोफत अ‍ॅप घ्या. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ६५ किंवा त्याहून चांगला असेल तर वर्ग चालतो. ऑफिसात उणे ४० होतं, दहावीच्या वर्गात उणे ८५. १० चा फरक म्हणजे शक्ती दहा पट कमी. इथे फरक ४५ चा! आणि एक महत्त्वाची गोष्ट: मायमोचे दोन प्रवाह वेगळे करायला सिग्नल गोंगाटाच्या बराच वर असावा लागतो. कडेच्या खोलीत सिग्नल क्षीण झाला की दोन अँटेनांचा फोनही एका प्रवाहावर येतो. म्हणजे मायमोचा वेग हवा असेल तर राउटर मुलांच्या जवळच असला पाहिजे.

चौथी पायरी: परतीचा आवाज विसरू नका. वाय-फाय म्हणजे संवाद आहे. राउटरचा आवाज टॅबपर्यंत पोचला तरी टॅबचा आवाज परत पोचला पाहिजे, आणि टॅबची ताकद कमी असते. राउटरला लाऊडस्पीकर लावला म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाचं उत्तर आपल्याला ऐकू येत नाही!

पाचवी पायरी: मोठा एक नको, लहान दोन चालतील. आम्ही चार अँटेनांचा नवा राउटर कपाटावरून काढून दहावी आणि नववीच्या मधल्या दरवाजाच्या वर, भिंतीवर उंच बसवला. जुना दोन अँटेनांचा राउटर ऑफिसच्या बाजूला ठेवला. दोन्ही वायरने जोडले. नेटवर्कची ही वायर एका तुकड्यात १०० मीटरपर्यंत चालते, आमचा व्हरांडा त्याच्या निम्माही नाही. नव्याने विकत घेतली ती फक्त वायर.

सहावी पायरी: चॅनल वेगळे ठेवा. दोन शिक्षक एकाच खोलीत एकदम शिकवू लागले तर काय होईल? २.४ गिगाहर्ट्झला १, ६ आणि ११ हे चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. आम्ही एकाला १ आणि दुसऱ्याला ११ दिला. दोघांची शक्तीही थोडी कमी केली, म्हणजे टॅब लांबच्या राउटरला चिकटून न राहता जवळचा धरतो.

एक हिशोब मुलांकडून करून घ्या. १० मेगाबिटची माहिती १०० एमबीपीएसने ०.१ सेकंदात जाते, १० एमबीपीएसने १ सेकंदात. लांबचा एक टॅब जवळच्या दहा टॅबांएवढा वेळ खातो. म्हणून एकाला सिग्नल कमी असला की सगळा वर्ग रखडतो.

सगळं बसवून झाल्यावर पुन्हा मोजलं. दहावीच्या वर्गात उणे ५० आलं. आधीच्या उणे ८५ पेक्षा ३५ ने चांगलं, म्हणजे तीन हजार पटींहून जास्त शक्ती, आणि अँटेना तेच! पोषण आहाराच्या खोलीत अजूनही सिग्नल येत नाही. तिथे कोणी टॅब घेऊन बसत नाही, म्हणून ते तसंच सोडलं. आराखडा म्हणजे कुठे द्यायचं याबरोबर कुठे नाही दिलं तरी चालेल, हेही ठरवणं.

पुढच्या सभेत त्या ताईंना दहावीच्या वर्गात नेलं. त्यांच्या मुलीनेच त्यांना टॅबवर प्रयोगाचा व्हिडिओ लावून दाखवला. त्या एवढंच म्हणाल्या, "मग हे आधी का नाही केलं?" बरोबर होतं त्यांचं.

पालकांसाठी घरच्या सूचना

राउटर टीव्हीच्या मागे, कपाटात किंवा फ्रिजवर ठेवू नका. घराच्या मध्यावर, उघड्यावर, माणसाच्या उंचीच्या वर ठेवा. मूल अभ्यासाला बसतं ती जागा आधी बघा.

अँटेनाची काडी मेदूवड्याच्या भोकात उभी घातली आहे अशी कल्पना करा. वडा म्हणजे सिग्नलचा पसारा. काडी उभी असेल तर सिग्नल आजूबाजूला पसरतो, बरोबर वर आणि खाली कमी जातो. वरच्या मजल्यावरही हवा असेल तर एक काडी आडवी करा. 'जास्त ताकदीचा' अँटेना म्हणजे तोच वडा चेपून केलेलं थालीपीठ: लांब पसरतं, पण पीठ तेवढंच!

विकत घेताना राउटरवरच्या काड्या मोजण्याआधी आपल्या फोनला आणि लॅपटॉपला किती अँटेना आहेत ते विचारा. माहितीपत्रकावर २×२ लिहिलं असेल तर दोन.

आणि गावाबाहेरचा टॉवर?

तत्त्व तेच. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्या बऱ्याच टॉवरवर चपट्या पेटीसारखे अँटेना दिसतात. त्यांतल्या काही पेट्यांत पाठवण्या-ऐकण्याच्या ६४ स्वतंत्र साखळ्या असतात आणि त्या शलाका वळवून एकाच वेळी अनेक फोनशी बोलतात. पण तिथेही अभियंत्याला आधी लोकवस्ती कुठे, डोंगर कुठे आणि पेटीचं तोंड कुणीकडे, हेच ठरवावं लागतं.

स्वाध्याय

१. ३क्ष + य = ९ आणि क्ष + २य = ८ सोडवा. मग ८ च्या जागी ८.१ घेऊन उत्तर किती बदलतं ते पाहा.

२. ३क्ष + य = ९ आणि ६क्ष + २य = १८ यांचा निश्चयक काढा. अशा वेळी फोनला क्ष आणि य वेगळे करता येतील का?

३. गटकार्य: शाळेचा नकाशा काढून प्रत्येक खोलीतला सिग्नल मोजा, रंग भरा आणि राउटरची जागा सुचवा. कारण एका वाक्यात लिहा.

तिसरा स्वाध्याय खरेदीच्या आधी करून घ्या, खरेदीनंतर नको. आमच्या मुलांनी तो आधी केला असता तर दुसरा राउटर घ्यायच्या आधीच आम्ही पहिल्याची जागा बदलून पाहिली असती, आणि वर्गणीतल्या पैशांचा हिशोब देताना मला मान खाली घालावी लागली नसती.